बुडालेल्या लाकडी टगचा इतिहास कसा शोधायचा: ग्रेट लेक्सवरच्या नव्या अभ्यासकांसाठी

५ जून १८९५ रोजी मिशिगन सरोवरात (अमेरिका-कॅनडा सीमाभागातल्या 'ग्रेट लेक्स' या पाच मोठ्या सरोवरांपैकी एक), विस्कॉन्सिन राज्यातल्या अल्गोमा गावाजवळ, 'जॉन इव्हन्सन' नावाची ५४ फुटी लाकडी टग, म्हणजे मोठी जहाजं ओढणारी छोटी बोट, बुडाली. 'आय. वॉटसन स्टीफन्सन' ही मोठी आगबोट स्टर्जन बेच्या कालव्याकडे येत होती आणि तिचा दोर घ्यायला इव्हन्सन पुढे गेली होती. चालत्या आगबोटीच्या नाळेसमोर, म्हणजे पुढच्या टोकासमोर, ती आडवी आली, धडक बसली आणि ती तळाला गेली. मार्टिन बॉसवेल हा फायरमन (बॉयलरची भट्टी सांभाळणारा) तिच्याबरोबर बुडाला; बाकीचे खलाशी वाचले. पुढे सव्वाशेहून अधिक वर्षं तिचा ठावठिकाणा नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रेंडन बेलॉड आणि रॉबर्ट जेक या दोन अभ्यासकांनी ती शोधून काढली. शोध सुरू केल्यावर पाचेक मिनिटांतच त्यांना तिचा बॉयलर सापडला.

पाण्यावरची ती पाच मिनिटं शक्य झाली ती आधी केलेल्या कागदांच्या अभ्यासामुळे. हा लेख त्या कागदांबद्दल आहे. शिकागो, मिलवॉकी, डेट्रॉइट भागात राहणाऱ्या मराठी वाचकांना इथली ग्रंथालयं जवळ आहेत. पुण्या-मुंबईत बसूनही यातलं बरंचसं काम इंटरनेटवर करता येतं. त्यासाठी तुम्ही स्वतः पाणबुड्या असण्याची गरज नाही. सवड, चिकाटी आणि प्रत्येक नोंद कुठून घेतली हे लिहून ठेवण्याची शिस्त एवढं पुरतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण नवा माणूस इथेच अडतो. मोठ्या जहाजाचं कौतुक वर्तमानपत्रं करायची. ते आलं, गेलं, माल किती, कप्तान कोण, सगळं छापून यायचं. टग मात्र रोज बंदरात राबणारी. तिच्याबद्दल वेगळं लिहावं असं कुणाला वाटत नसे. त्यामुळे टगचा इतिहास तिने ज्यांना ओढलं, सोडवलं किंवा धडक दिली, त्या जहाजांच्या बातम्यांत विखुरलेला असतो.

१. आधी टग पक्की करा

पहिली टग निवडताना बुडण्याची निदान अंदाजे तारीख आणि जागा माहीत असलेली निवडा. विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटी आणि सी ग्रँट (विद्यापीठांमार्फत चालणारा जलसंशोधन कार्यक्रम) यांची 'विस्कॉन्सिन शिपरेक्स' ही वेबसाइट, बोलिंग ग्रीन स्टेट युनिव्हर्सिटीची जहाजांची सूची, मिशिगनमधल्या अल्पेना काउंटी ग्रंथालयाचा सागरी संग्रह आणि 'मॅरिटाइम हिस्टरी ऑफ द ग्रेट लेक्स' ही वेबसाइट, या चार जागी नाव घालून पाहा. मिलवॉकीत असाल तर तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयातला हर्मन रुंगे यांचा संग्रह जरूर बघा. त्यात जहाजागणिक माहिती लावून ठेवलेली आहे.

इथे मिळालेल्या माहितीवर तिथेच थांबू नका. ही टिपणं कुणीतरी कुठूनतरी उतरवलेली असतात आणि एकाची चूक चारांकडे जाते. त्यांचा उपयोग पुढे कुठे बघायचं हे कळण्यापुरता करा.

२. नाव सोडा, नंबर धरा

१८६६ च्या कायद्यानंतर अमेरिकेत नोंद झालेल्या प्रत्येक व्यापारी जहाजाला एक अधिकृत नंबर मिळू लागला. नाव बदललं, मालक बदलला, इंजिन बदललं, तरी नंबर तोच. तो टनेजसह (टनेज म्हणजे जहाजाच्या आतल्या जागेचं माप) जहाजाच्या मुख्य तुळईवर कोरावा लागे. लाकूड शाबूत असेल तर हा आकडा पाण्याखालीही सापडू शकतो, आणि टगची ओळख पटवायला त्याच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

नाव किती फसवं असतं याचं उदाहरण म्हणजे 'रॉबर्ट सी. प्रिंगल'. १९ जून १९२२ रोजी शेबॉयगनजवळ 'व्हेनेझुएला' ही आगबोट ओढत असताना पाण्यातल्या कशावर तरी आपटून ही लाकडी टग बुडाली. पण १९०३ साली मॅनिटोवॉकला ती बांधली गेली तेव्हा ती टग नव्हतीच. वेगळ्या नावाची प्रवासी बोट होती. 'प्रिंगल' या नावाने १९०५ सालचे कागद चाळणाऱ्याला काहीच मिळणार नाही. नंबर हातात असला तर ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका धाग्यात दिसते.

नंबर मिळतो 'लिस्ट ऑफ मर्चंट व्हेसल्स ऑफ द युनायटेड स्टेट्स' या सरकारी वार्षिक यादीत. १८६० च्या दशकाच्या शेवटापासूनचे तिचे अंक आहेत आणि हाथीट्रस्ट, गूगल बुक्स या जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन संग्रहांत त्यातले बरेच वाचता येतात. आगबोटींचा विभाग वेगळा असतो. टग त्यातच बघायची, कारण तिथे 'टग' असा स्वतंत्र प्रकार नसतो. एका ओळीत नंबर, नाव, ग्रॉस आणि नेट टनेज, लांबी, रुंदी, खोली, बांधणीचं वर्ष आणि गाव, आणि शेवटी नोंदणीचं बंदर असं सगळं असतं. नंतरच्या अंकांत इंजिनाची ताकद आणि खलाशांची संख्याही येते.

ही ओळ एकाच वर्षाची उतरवून थांबू नका. बांधणीपासून बुडण्यापर्यंत प्रत्येक वर्षाची ओळ वहीत एकाखाली एक लिहा. मग बदल डोळ्यांना दिसतात. बंदर मिलवॉकीचं स्टर्जन बे झालं, म्हणजे बहुधा विक्री झाली. लांबी वाढली, म्हणजे मधून कापून नवा भाग घातला. विसाव्या शतकात वाफेच्या खुणेऐवजी गॅस किंवा तेलाची खूण आली, म्हणजे बॉयलर काढून नवं इंजिन बसवलं. अशी टग पाण्याखाली शोधताना तुम्ही बॉयलर शोधत बसलात तर दिवस वाया जाईल.

या यादीची एक खोड लक्षात ठेवा. बुडालेलं जहाज यादीतून लगेच जात नाही. मालकाने कागद परत करेपर्यंत ते 'जिवंत' राहतं. यादीतलं शेवटचं वर्ष हे बुडण्याचं वर्ष मानू नका.

आणि हो, टग कॅनडाची असेल तर हा नंबर इथे मिळणार नाही. तिची नोंद ब्रिटिश पद्धतीच्या जहाजनोंदणीत बघायची. टोरंटोकडच्या मंडळींनी लायब्ररी अँड आर्काइव्ज कॅनडापासून सुरुवात करावी.

३. मालकीचे कागद

मला स्वतःला सगळ्यात जास्त आनंद या टप्प्यावर मिळतो. सरोवरांवर चालणाऱ्या जहाजाला कस्टम्सच्या कार्यालयातून 'एनरोलमेंट'चा दाखला घ्यावा लागे. आपल्याकडे जमिनीचा मालक बदलला की फेरफार पडतो आणि सातबारा नवा होतो, तसंच इथे होतं: मालक बदलला, नाव बदललं, मोजमापं बदलली किंवा बंदर बदललं की जुना दाखला परत करायचा आणि नवा घ्यायचा. परत केलेल्या दाखल्यावर तो का परत केला हे लिहिलेलं असतं. शेवटच्या दाखल्यावर जहाज गेल्याची नोंद मिळाली की तुमच्याकडे सरकारी पुरावा आला.

दाखल्यात मालकांची नावं आणि त्यांचे हिस्से असतात. एकाच टगचे तीन-चार भागीदार असणं नेहमीचं. त्यात कप्तान स्वतः, कधी एखादी विधवा, कधी लाकडाचा व्यापारी. जहाज कुठे आणि कधी बांधलं हे असतं, मागचा भाग गोल की चौकोनी हेही. पहिल्या दाखल्याबरोबर बांधणाऱ्या मुख्य सुताराचं प्रमाणपत्र मिळालं तर ते नक्की मागवा. टग कुणी बांधली याचा तोच मूळ पुरावा.

हे कागद अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ज्मध्ये रेकॉर्ड ग्रुप ४१ मध्ये आहेत. काही वॉशिंग्टनला, काही शिकागोसारख्या प्रादेशिक शाखांत. पत्र लिहिताना 'इव्हन्सन नावाच्या टगची सगळी माहिती द्या' असं लिहिलंत तर उत्तर मोघम येईल. अधिकृत नंबर, नोंदणीचं बंदर आणि वर्षांचा टप्पा लिहा. दुसऱ्या पायरीतली वही इथे कामाला येते: कोणत्या वर्षी बंदर बदललं हे तुम्हाला आधीच माहीत असतं, म्हणजे नवा दाखला कुठे मागायचा तेही माहीत असतं.

२० टनांपेक्षा लहान बोटींना हा दाखला लागत नसे, नुसता परवाना पुरे. अगदी छोट्या टगच्या बाबतीत कागद कमी मिळाले तर निराश होऊ नका, वर्तमानपत्रांकडे वळा.

४. वर्तमानपत्रं

इथे सगळ्यात जास्त वेळ जाणार आहे आणि जायलाच हवा. त्या काळी सरोवरांकाठच्या प्रत्येक मोठ्या गावाच्या पत्रात जहाजवार्तांचा रकाना असे. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाचं 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हे जुन्या वर्तमानपत्रांचं संकेतस्थळ मोफत आहे. इव्हन्सनसारख्या टगसाठी स्टर्जन बेचं साप्ताहिक 'डोर काउंटी अ‍ॅडव्होकेट' मोलाचं. डोर काउंटीच्या ग्रंथालयाने स्थानिक पत्रं इंटरनेटवर उपलब्ध करून दिली आहेत.

शोधायला बसलात की पहिल्यांदा टगचं नाव टाकाल आणि फार काही मिळणार नाही. त्याची कारणं ठरलेली आहेत. बंदरातल्या बंदरात काम करणाऱ्या टगला ये-जा नोंदवावी लागत नसे, त्यामुळे आलेल्या-गेलेल्या जहाजांच्या यादीत ती नसते. छापखान्यातले खिळे जोडणारे नाव ऐकीव लिहीत. इव्हन्सनचं इव्हान्सन किंवा एव्हरसन होतं. जुन्या छपाईवरून संगणकाने अक्षरं वाचताना आणखी गोंधळ होतो. म्हणून नावाच्या सगळ्या संभाव्य रूपांची यादी करून एकेक घालून बघा, आणि आडनाव एकटंही घाला, कारण बातमीत पहिलं नाव बहुतेक वेळा गाळलेलं असतं.

गावांची नावंही बदललेली असतात. अल्गोमा हे नाव १८९७ चं. त्याआधी गावाचं नाव होतं अहनापी. १८९५ च्या बातम्यांत 'अल्गोमा' शोधणाऱ्याच्या हाती काय लागणार? त्या काळचा नकाशा शेजारी ठेवूनच शोधायला बसा.

त्यानंतर टग सोडून दुसरी जहाजं शोधा. इव्हन्सनसाठी 'स्टीफन्सन' शोधायचं. अपघातानंतर ती कुठल्या बंदरात गेली, तिच्या नाळेला काही इजा झाली का, तिच्या कप्तानाने काय सांगितलं, हे तिच्या बाजूने छापलेलं असू शकतं. अडकलेली जहाजं सोडवणाऱ्या टगच्या बाबतीत तर ही युक्ती फारच उपयोगी पडते: वादळात किनाऱ्याला लागलेल्या एखाद्या शिडाच्या जहाजाची बातमी वाचता वाचता तुमची टग सापडते.

दैनिक आणि साप्ताहिक यांत फरक करायला शिका. दैनिकात दुसऱ्या दिवशी तारेवरून आलेली चार ओळींची बातमी असते; तिच्यात घाई असते आणि चुकाही. गावच्या साप्ताहिकात ती उशिरा येते, पण लिहिणारा वाचलेल्या खलाशांशी बोललेला असतो. एकच तार मिलवॉकी, शिकागो, डेट्रॉइट, बफेलो अशा पाच ठिकाणी छापली गेली तर ते पाच साक्षीदार नव्हेत. मजकूर शब्दाशब्दाने जुळला की ती एकच साक्ष धरा. नव्या अभ्यासकाने ही एवढी शिस्त पाळली तरी त्याचं काम निम्म्या छापील पुस्तकांपेक्षा सरस होईल, असं माझं प्रामाणिक मत आहे.

बुडाल्याची बातमी मिळाली की थांबायचं नाही. पुढच्या महिन्यांचे अंक बघा. टग वर काढायचा प्रयत्न झाला का, विमा होता का, मालकाने दावा लावला का? पुष्कळ टग बुडाल्यानंतर वर काढून दुरुस्त करून पुन्हा कामाला लावलेल्या आहेत. अशी टग तुम्ही तळाशी शोधत राहाल आणि ती वीस वर्षांनी दुसऱ्याच बंदरात मोडीत निघालेली असेल.

५. अपघाताचे सरकारी अहवाल आणि जागेचा हिशोब

१८७४ च्या कायद्याने जहाजाला अपघात झाला की मालकाने किंवा कप्तानाने कस्टम्स अधिकाऱ्याकडे अहवाल द्यायचा असं ठरलं. त्यांतले जे टिकले ते नॅशनल आर्काइव्ज्मध्ये, तटरक्षक दलाच्या कागदांत, म्हणजे रेकॉर्ड ग्रुप २६ मध्ये बघायचे. त्याशिवाय लाइफ-सेव्हिंग सर्व्हिस या संकटातल्या जहाजांवरची माणसं वाचवणाऱ्या सरकारी सेवेचे वार्षिक अहवाल आहेत; ही सेवा १९१५ मध्ये तटरक्षक दलात विलीन झाली. वाफेच्या बोटींची तपासणी करणाऱ्या खात्याच्या वार्षिक अहवालांत अपघात, दगावलेली माणसं आणि परवान्यांवरची कारवाई मिळते.

इव्हन्सनच्या बाबतीत नेमका इथेच निकाल लागला. बातम्यांतली जागा आणि खोली एकमेकींशी जुळत नव्हती. शोधणाऱ्यांनी सगळं समोर मांडून टगच्या कप्तानाने सरकारला दिलेल्या माहितीवर विश्वास ठेवला, आणि टग सुमारे ४२ फूट पाण्यात सापडली. कप्तान नेहमीच खरं सांगतो असं नाही. परवाना जाण्याची भीती असते, त्यामुळे चूक कुणाची याबद्दल त्याचं म्हणणं जपून घ्यावं. पण जागेबद्दल खोटं बोलून त्याला काही मिळत नाही, आणि त्या जागी तो स्वतः हजर होता.

साक्षी तोलण्यासाठी एक तक्ता करा: कोण सांगतो, कधी सांगितलं, स्वतः पाहिलं की ऐकलं, जागा काय सांगतो, खोली काय सांगतो. मग तक्ता घेऊन नकाशावर या. ग्रेट लेक्सवर मैल म्हणजे जमिनीवरचा मैल, ५,२८० फुटांचा. समुद्री मैल धरलात तर चार मैलांत अर्ध्या मैलाहून जास्त फरक पडतो. फॅदम म्हणजे सहा फूट. 'ईशान्येला' म्हटलं तर कशापासून, धक्क्यापासून की दीपस्तंभापासून, हे बघा, आणि तो धक्का त्या वर्षी कुठे संपत होता हेही. सांगितलेली खोली सांगितलेल्या जागी नकाशावर आहे का, हे तपासल्यावर निम्म्या साक्षी आपोआप गळतात.

६. खाली काय उरलेलं असतं

लाकडी टगचा वरचा भाग, म्हणजे सुकाणूची खोली, धुराडं, कठडे, बहुतेक वेळा लाटांनी आणि बर्फाने कधीच गेलेला असतो. उथळ पाण्यात उरतात बॉयलर, इंजिन, पंखा (प्रोपेलर) आणि तळाच्या तुळया. गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारे समुद्री जीव नसतात, म्हणून सरोवरांच्या थंड तळाशी शंभर-दीडशे वर्षांचं लाकूड टिकून आहे. कोकण किनाऱ्याच्या खाऱ्या, कोमट पाण्यात उघडं पडलेलं लाकूड असं टिकत नाही. मुंबईजवळ बुडालेल्या लाकडी गलबतांचा शोध घेणाऱ्याला म्हणूनच इथल्यासारखा अख्खा सांगाडा मिळण्याची आशा धरता येत नाही. इथे आता वेगळं संकट आहे. क्वागा नावाचे बाहेरून आलेले शिंपले अवशेषांवर थर धरतात आणि त्यांच्या भाराने व पकडीने लाकूड, लोखंड दोन्ही खराब होतं. कागदांचं काम लवकर व्हायला हवं, त्याचं हे एक कारण.

कुणी पाणबुड्याने मोजमापं आणून दिली तर ती दाखल्यातल्या मोजमापांशी ताडून बघा. तुटलेल्या सांगाड्याची लांबी फसवते; रुंदी आणि इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास जास्त भरवशाचे.

७. माणसं

टगवर पाच-सहा माणसं असत. त्यांची नावं बातमीत मिळाली की शहराच्या वार्षिक डिरेक्टरीत बघा. तिथे व्यवसाय आणि पत्ता असतो. जनगणनेत एक मोठी पोकळी आहे: १८९० च्या अमेरिकन जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीनंतर नष्ट झाले, त्यामुळे १८८० नंतर थेट १९००. विस्कॉन्सिनने १८८५, १८९५ आणि १९०५ मध्ये स्वतःची गणना केली होती, ती इथे मदतीला येते; पहिल्या दोन्हींत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे. चर्चच्या आणि दफनभूमीच्या नोंदी, काउंटीतले मृत्यूदाखले बघा. टगच्या पोटात बॉयलरपाशी काम करणाऱ्या फायरमनला वर यायला सगळ्यांत कमी वेळ मिळे, म्हणून अशा अपघातांत फायरमन आणि इंजिनिअर यांची नावं आधी तपासा.

८. कायदा

१९८७ च्या अबँडन्ड शिपरेक कायद्याने राज्याच्या पाण्यात तळाशी रुतलेल्या बेवारस जहाजांची मालकी राज्याकडे गेली. तिथून खिळाही उचलायचा नाही. नवी जागा सापडली तर आधी राज्याच्या जलपुरातत्त्व विभागाला कळवा आणि त्यांची नोंद पूर्ण होईपर्यंत अक्षांश-रेखांश कुठेही टाकू नका. पाण्यात उतरायचं तर रीतसर प्रशिक्षण घेऊन.

९. लिहून ठेवा आणि सोपवा

शेवटी एक फाइल करा. प्रत्येक विधानापुढे ते कुठल्या कागदात, कुठल्या तारखेला, कुठल्या पानावर आहे ते लिहा. जुळत नसलेल्या साक्षी गाळू नका. दोन्ही द्या आणि तुम्ही कोणती मानता व का ते सांगा. फाइलची एक प्रत राज्याच्या ऐतिहासिक संस्थेला आणि एक त्या गावच्या ग्रंथालयाला द्या. पहिल्याच पानावर टगचा अधिकृत नंबर, तिची सगळी नावं आणि तिच्याबरोबर गेलेल्या माणसांची पूर्ण नावं असू द्या. पुढे कुणी शोधायला आलं तर याच तीन गोष्टींनी शोधेल.